हेवी परवान्याचा अभ्यास: प्रश्न तेच, गाडी वेगळी

(नागपूरजवळच्या वाडी येथे अवजड वाहनचालकांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, तुम्ही हेवी परवान्यासाठी आलेले आहात, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण झाली आहेत आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना तुमच्याजवळ किमान एक वर्षापासून आहे, असे मी धरून चालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ४ आणि ७ यांची ती अटच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालामुळे, एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या परवान्यावर चालवता येते. धोकादायक मालाची गोष्ट वेगळी. त्यामुळे छोटा हत्ती चालवणाऱ्याला या वर्गात बसण्याचे कारण नाही. वाडीहून रायपूर किंवा हैदराबादकडे निघणारा भरलेला ट्रक मात्र या सवलतीत बसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११ मध्ये शिकाऊ परवान्याच्या चाचणीचे चार विषय दिले आहेत: वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये, पहारेकरी नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि सोबत ठेवायची कागदपत्रे. मोटारीच्या परवान्याच्या वेळी तुम्ही ही चाचणी दिली असेल, आणि साठ टक्के उत्तरे बरोबर आली की भागते म्हणून प्रश्नसंच पाठ करून उत्तीर्णही झाला असाल. हेवीसाठी हेच चार विषय पुन्हा उघडावेत आणि प्रत्येक प्रश्न भरलेल्या ट्रकच्या सीटवर बसून वाचावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

लाल कडेचे वर्तुळ आज्ञा करते आणि त्रिकोण सावध करतो, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ट्रकवाल्याने थांबावे ते वजनाच्या दोन चिन्हांपाशी. त्यांतील एक गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा घालते आणि दुसरे एका अ‍ॅक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आसावरच्या, भाराला. पाठांतर करणारे नेमके येथेच चुकतात. जुलै २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला एकूण १८.५ टन मान्य आहेत, पैकी पुढच्या दोन टायरांच्या अ‍ॅक्सलवर ७ टन आणि मागच्या चार टायरांच्या अ‍ॅक्सलवर ११.५ टन. समजा, बुटीबोरीत लोखंडी माल भरताना हमालांनी तो सारा मागच्या फाळक्याकडे रचला. काट्यावर १८ टन दिसतील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल, पण त्यांतले १२.५ टन मागे आणि जेमतेम ५.५ टन पुढे असले, तर मागचा अ‍ॅक्सल नियमाबाहेर गेलेला असतो आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंगला हवा तसा प्रतिसाद देत नाहीत. जादा वजनासाठी कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही सोसावा लागतो. हे आकडे पाठ होतात. माल कसा रचायचा, हे मात्र मालक सांगत नाही आणि प्रश्नसंचही विचारत नाही.

वेगाचेही तसेच आहे. मालवाहू वाहनासाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आहे. शहरात आणि इतर रस्त्यांवर ती ६० आहे. समृद्धी महामार्गावर शेजारून मोटारी १२० ने जात असताना आपण ८० वर का राहायचे, याचे उत्तर ब्रेकमध्ये आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर आणि ८० म्हणजे सुमारे २२ मीटर. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढे अंतर सरते, आणि हवेच्या ब्रेकमध्ये दाब चाकापर्यंत जाण्यात आणखी क्षण जातो. पुढे ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ६० च्या तुलनेत ८० वर ती पावणेदोन पटींहून थोडी अधिक भरते. ही सारी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि त्याला घासणाऱ्या, तापलेल्या लायनरची पकड सुटू लागते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जी उस्तादी आपल्याकडे मिरवली जाते, तिच्यात इंजिनाचा रोध जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. अरुंद चढावर कोणी थांबावे, या प्रश्नाचे ‘उतरणाऱ्याने’ हे उत्तरही अशाच कारणाने लक्षात राहते: भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना मागे घसरू शकते.

अपघाताविषयीचे कलम १३४ मी तुम्हांला शब्दशः वाचायला सांगेन. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात नेण्याची व्यवस्था करणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मात्र जमावाचा क्षोभ किंवा हाताबाहेरचे अन्य कारण असल्यास कायदा त्यातून सूट देतो. अशा वेळी तेथून निघालात तरी पोलिसांना कळवण्यातून सुटका नाही: घटनास्थळी पोलीस नसतील, तर लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती दिली पाहिजे, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये ज्या तरतुदीवरून ट्रकचालकांनी संप केला, ते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) (अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळणाऱ्या चालकाच्या शिक्षेचे) १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू होताना बाजूला ठेवण्यात आले. ते लागू नाही म्हणजे कळवणेही गरजेचे नाही, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकतो. तो चुकीचा आहे, कारण कलम १३४ त्याहून जुने आहे आणि जागेवरच आहे.

ब्रॉडगेजवरची पहारेकरी नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, म्हणून तो प्रश्न जुना वाटेल. कलम १३१ मात्र कायम आहे: गाडी थांबवावी, क्लीनरने उतरून रुळापर्यंत जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात, आणि क्लीनर नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. कागदपत्रांत परवाना, नोंदणी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि परमिट येतात. ती मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये दाखवली तरी चालतात.

पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचा टँकर ज्यांना चालवायचा आहे, त्यांना नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते. टँकरवरच्या फलकातील १२०३ हा आकडा पेट्रोलचा आणि १०७५ हा एलपीजीचा. आग किंवा गळती झाली की अग्निशमन दल आधी हाच आकडा विचारते. त्या प्रशिक्षणासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, म्हणून तुमच्यापैकी ज्यांचा डोळा टँकरवर आहे त्यांनी इंग्रजी वाचनाचा सराव याच आठवड्यात सुरू करावा.