हिरवा अरासारी : चोचीपलीकडचा टूकन

मंडळी, टूकन या पक्ष्याचं चित्र दाखवलं की कुणीतरी हमखास म्हणतं, “हा तर आपला धनेश!” तसं वाटणं साहजिक आहे. भली मोठी चोच, फळांवर गुजराण, झाडाच्या ढोलीत घरटं, सगळं जुळतं. पण नातं काही नाही. टूकन फक्त अमेरिका खंडांत सापडतात, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत. आपल्याकडे त्यांचे सोयरे शोधायचे तर भर उन्हात टुक-टुक करत बसणारा तांबट पाहा, नाहीतर सुतार पक्षी. या सगळ्यांच्या पायाची दोन बोटं पुढे असतात आणि दोन मागे.

आज मला बोलायचंय ते टूकनांमधल्या एका लहानग्याबद्दल. हिरवा अरासारी. लांबी ३० ते ४० सेंटीमीटर, वजन ११० ते १६२ ग्रॅम. व्हेनेझुएलाचा पूर्व भाग, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि ॲमेझॉनच्या उत्तरेकडचा ब्राझील, इथल्या सखल जंगलांत तो राहतो. पाठ हिरवी, पोट पिवळं, कमरेवर लाल ठिपका. नराचं डोकं काळं, मादीचं तपकिरी. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक टूकनांमध्ये नुसत्या रंगावरून नर-मादी ओळखता येत नाहीत. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७६६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. स्वतः लिनियस मात्र दक्षिण अमेरिकेत कधीच गेला नाही.

चोचीबद्दल थोडक्यात. ती दिसते तेवढी जड नसते. बाहेर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाचं कवच, आत हाडाची जाळी आणि बरीचशी हवा. ब्यूफाँसारख्या अठराव्या शतकातल्या निसर्ग-अभ्यासकाला ही चोच म्हणजे निव्वळ विद्रूपपणा वाटला होता. २००९ मध्ये टोको या सर्वांत मोठ्या टूकनवर अभ्यास झाला, तेव्हा कळलं की तो चोचीतला रक्तप्रवाह कमी-जास्त करून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पण सगळं लक्ष चोचच खाऊन टाकते, ही माझी तक्रार आहे. अरासारीचं आयुष्य जास्त अवलंबून आहे ते भोकावर!

तांबट आपली ढोली स्वतः कोरतो. अरासारीची चोच त्या कामाची नाही. तो सुताराने सोडलेली जुनी ढोली गाठतो आणि आत काहीही न अंथरता दोन ते चार पांढरी अंडी घालतो. पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. खाली मऊ काही नाही, म्हणून टूकनांच्या पिल्लांच्या घोट्याला जाड गाद्या असतात, त्यांवर ती बसतात. अरासारींच्या काही जातींत तर चार-पाच पक्षी रात्री एकाच ढोलीत झोपतात. मावतात कसे? टूकनच्या शेपटीच्या मणक्यांची रचना अशी असते की शेपटी सरळ पाठीवर दुमडून डोक्यापर्यंत येते. चोच पाठीवर, वर शेपटी, झाला पिसांचा गोळा. तेव्हा जंगलात नुसती फळझाडं असून भागत नाही. जुनी, पोखरलेली झाडं लागतात आणि ती पोखरणारे सुतारही लागतात.

आता खाणं. चोचीच्या टोकात फळ धरायचं, मान मागे टाकायची, फळ घशात. मोठ्या बिया तो ओकून टाकतो, बारीक बिया विष्ठेतून पडतात. सेक्रोपिया हे त्याच्या आवडीचं झाड. झाड कोसळून जंगलात उजेड आला की तिथे आधी उगवतं ते हेच.

गिळणाऱ्याच्या घशाचा आकार किती महत्त्वाचा, याचं उदाहरण ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात आहे. कॉफी आणि उसासाठी ते तोडलं गेलं, तुकड्यातुकड्यांत उरलं. ज्या तुकड्यांतून मोठे टूकन नाहीसे झाले, तिथे जुसारा पामच्या १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बियाच दिसेनाशा झाल्या. लहान पक्ष्यांना त्या गिळता येत नव्हत्या. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. हा बदल व्हायला शंभरेक वर्षं पुरली, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

हिरवा अरासारी आज धोक्यात नाही. सुरिनामचा ९० टक्क्यांहून जास्त भाग अजून जंगलाखाली आहे. सोन्यासाठी होणारं खोदकाम आणि त्यात वापरला जाणारा पारा ही तिथली खरी डोकेदुखी.

मघाशी एकांनी विचारलं, हा पाळता येतो का? परदेशात पाळतात. त्याचा व्यापार ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे विदेशी प्राणी बाळगायचे तर आपल्याकडे नोंदणी बंधनकारक आहे. शिवाय पिंजऱ्यातल्या टूकनांच्या यकृतात बऱ्याचदा लोह साठतं आणि त्यातच ते मरतात. क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं, म्हणून आपण कौतुकाने संत्रं-मोसंबी पुढे करायची आणि नेमकं तेच त्याला बाधायचं.  त्यापेक्षा तो पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.