फोटो नको, स्क्रीनशॉट दाखव

मघाशी दारातच एका मुलाने फोन पुढे केला. "ताई, ग्राफिक्स कार्ड गेलं ना?" फोनमध्ये त्याच्या मॉनिटरचा फोटो, पडदाभर जांभळे ठिपके. मी म्हटलं, फोटो नको, स्क्रीनशॉट दाखव. त्याला वाटलं, मी टाळतेय.

टाळत नव्हते. स्क्रीनशॉटमध्ये येतं ते कार्डाने बनवलेलं, केबलमध्ये शिरण्याआधीचं चित्र. तो दुसऱ्या यंत्रावर उघडायचा. तिथेही ठिपके असतील तर केबल आणि मॉनिटर निर्दोष, भानगड पीसीच्या डब्याच्या आत. तिथे चित्र स्वच्छ असेल तर आधी केबल बदला, मग कार्डाचं दुसरं पोर्ट, मग मॉनिटर. एका वेळी एकच. तिन्ही एकदम बदललं तर ठिपके जातील, पण का गेले ते कळणार नाही.

मग मी विचारते, ठिपके कधीपासून दिसतात? बटण दाबल्यावर बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या पानावरच दिसत असतील तर ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या देऊ नका. विंडोज तेव्हा उठलेलीच नसते. तरी लोक फॉरमॅट मारतात आणि एक अख्खा रविवार घालवतात. उलट, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू केल्यावर, सगळं छान दिसलं म्हणजे कार्ड धडधाकट, असंही नाही. तिथे कार्डाला फारसं कामच नसतं. आजारी माणूसही खुर्चीत बसून बराच वाटतो.

आता काळ्या पडद्याची गोष्ट. कार्डाने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. नोंदीत ड्रायव्हरचं नाव असतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. माझ्याकडे एका फोटो स्टुडिओचा पीसी आला होता. लग्नाचा अल्बम एक्स्पोर्टला लावला की पडदा काळा. ड्रायव्हर तीनदा टाकून झालेला. मी झाकण काढलं तर वास आला. कार्डाला स्लॉटमधून फार तर ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या जोडणीतून आणखी १५०. इथे ती जोडणी एका स्वस्त अडॅप्टरवर होती. त्याची दोन्ही टोकं एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, एकाच वायरीवर लावलेली, आणि एका पिनेभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. एसएमपीएस बदलला. कार्ड तेच ठेवलं, अजून चालतंय.

म्हणून आधी यंत्र बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच कार्ड बाहेर घ्या. सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवा, चुरा झटका, पंख्याची धूळ काढा. कार्ड परत बसवताना खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे. आणि सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे तेच कार्ड मित्राच्या चांगल्या पीसीत लावून बघणं. तिथेही तेच ठिपके आले तर मग वाद संपला.

सुटलेले जोड वितळून पुन्हा चिकटावेत म्हणून कार्ड ओव्हनमध्ये भाजायचं का, हा प्रश्न दर वेळी येतो. नाही. शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर, म्हणजे जोडांचा धातू, वितळायला २१७ अंशांच्या आसपास लागतं, लोक २०० वर ठेवतात. कधी कधी त्यानंतरही कार्ड काही दिवस चालतं, कारण बिघाड बऱ्याचदा चिपच्या पोटातल्या बारीक जोडांत असतो आणि ते उष्णतेने तात्पुरते टेकतात. तापून निवून तेच जोड पुन्हा सुटतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिपांच्या सदोष पॅकेजिंगसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. ज्यांनी चिप बनवली त्यांना जे इतकं महागात पडलं, ते आपण केकच्या भांड्यात काय दुरुस्त करणार? शिवाय त्याच ओव्हनमध्ये उद्या नानकटाई भाजायची असते.

तो मुलगा मागे बसलाय. घरी बहिणीला स्क्रीनशॉट पाठवायला सांगितला होता त्याने. आला का रे?

(मागून: "आला ताई. त्यात ठिपके नाहीयेत.")

मग जाताना केबल घेऊन जा.