तिसऱ्यांदा त्याच दाराशी

२२ जून २०१३. अफगाणिस्तानातील उरुझगान प्रांतात, बंडखोरांच्या ताब्यातील मुलखात खोलवर वसलेल्या घाउचक या गावी हेलिकॉप्टरमधून ऑस्ट्रेलियन कमांडोंची एक प्लाटून उतरली. सोबत अफगाण सुरक्षा दलांचे जवान होते. पाय जमिनीला लागून थोडाच वेळ झाला असेल, तोच अनेक बाजूंनी गोळीबार सुरू झाला. त्या प्लाटूनमधील एका तुकडीचे नेतृत्व कॉर्पोरल कॅमरन बेअर्ड यांच्याकडे होते. पंधराच दिवसांपूर्वी त्यांना बत्तीस वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांचा जन्म ७ जून १९८१ रोजी टास्मानिया बेटावरील बर्नी या गावी झाला, आणि बालपण मेलबर्नच्या ग्लॅडस्टोन पार्क या उपनगरात गेले. वडील कार्लटन क्लबकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलेले, त्यामुळे खेळ घरातच होता. मुलगाही त्याच वाटेने निघाला होता आणि वरच्या पातळीपर्यंत पोहोचेल असे वाटत होते. परंतु व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात त्या १९९९ च्या निवडीत त्यांचे नाव आले नाही. त्यांनी फार काळ वाट पाहिली नाही. जानेवारी २००० मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि प्रशिक्षणानंतर सिडनीजवळच्या होल्सवर्दी येथील कमांडो बटालियनमध्ये दाखल झाले. हीच बटालियन २००९ पासून दुसरी कमांडो रेजिमेंट म्हणून ओळखली जाते.

पूर्व तिमोर, मग इराक. २००४ मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि २००६ मध्ये पुन्हा त्याच बटालियनमध्ये परतले. सैन्य सोडून गेलेला माणूस परत येतो, तेव्हा त्याला त्या कामाचे कष्ट आणि धोके पुरते ठाऊक झालेले असतात. म्हणूनच पहिल्या भरतीपेक्षा हा दुसरा निर्णय अधिक मोलाचा वाटतो.

त्यानंतर अफगाणिस्तानच्या मोहिमा सुरू झाल्या. नोव्हेंबर २००७ मधील एका रात्री बंडखोरांच्या ठाण्यावर हल्ला करताना त्यांचे सहकारी ल्यूक वर्स्ली यांना अगदी जवळून गोळी लागली आणि त्यांचे प्राण गेले. गोळीबार चालूच होता. बेअर्ड तुकडीतील इतरांना घेऊन पुढे घुसले, वर्स्ली यांना त्यांनी आडोशाला आणले आणि मग लढाई पुरी करण्यासाठी ते पुन्हा आत शिरले. या कामगिरीबद्दल त्यांना ‘मेडल फॉर गॅलंट्री’ हे शौर्यपदक मिळाले.

आता पुन्हा घाउचककडे वळू. पहिल्या चकमकीत बेअर्ड यांच्या तुकडीने समोरची ठिकाणे मोडून काढली होती आणि हल्ला पुढे सरकला होता. इतक्यात शेजारच्या तुकडीवर जोराचा मारा झाला व तिचा प्रमुख गंभीर जखमी झाला. बेअर्ड आपली माणसे घेऊन तिकडे धावले. वाटेत पुन्हा मशिनगन, आणि बगलेकडून नवे हल्लेखोर. हातबॉम्ब आणि रायफलच्या माऱ्याने त्यांनी तो अडथळा दूर केला. मशिनगनच्या गोळ्या आजूबाजूची माती उडवत असताना तो मारा स्वतःकडे ओढून घेतला आणि तुकडीला शत्रूच्या ठाण्याच्या तोंडाशी पोहोचू दिले.

त्या आवारात एक इमारत होती, तिच्यात शत्रू दबा धरून बसला होता, आणि आत जायचे तर दारातूनच जावे लागणार होते.

पहिल्या खेपेला बेअर्ड एका साथीदारासह दारावर चालून गेले. आतून गोळ्या येत होत्या, तरी गोळ्या झाडत ते पुढे रेटत राहिले; पण शत्रू हाताच्या अंतरावर असतानाच रायफल अडकली आणि त्यांना मागे यावे लागले. या क्षणापाशी थोडे थांबले पाहिजे. माघारी आल्यावर त्यांनी आधी रायफल दुरुस्त केली, मग तुकडीजवळ किती गोळ्या उरल्या आहेत ते पाहून त्या सगळ्यांमध्ये वाटून दिल्या. त्या धुमश्चक्रीत त्यांचे डोके शांत होते, आणि मला त्यांचे मोठेपण या वाटणीतच सर्वाधिक दिसते. दुसऱ्या खेपेला त्यांनी दारातून मारा केला, तो पुरा पडला नाही, म्हणून आडोशाला येऊन रायफल पुन्हा भरली. तिसऱ्या खेपेला शत्रूचा रोख तुकडीवरून स्वतःवर वळवत ते त्याच दारावर धावून गेले. गोळ्या जमिनीवर आणि भिंतींवर आदळताना साथीदारांनी पाहिल्या. मग धूळ आणि धुराने सारे झाकून टाकले. दार जिंकले गेले. कॉर्पोरल बेअर्ड तेथेच पडले.

अफगाणिस्तानात प्राण गमावलेले ते चाळिसावे ऑस्ट्रेलियन सैनिक. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मरणोत्तर जाहीर झाला, आणि कॅनबेरात गव्हर्नर जनरल क्वेंटिन ब्राइस यांच्या हातून त्यांच्या आईवडिलांनी, के आणि डग बेअर्ड यांनी, तो स्वीकारला. हा सन्मान मिळालेले ते शंभरावे ऑस्ट्रेलियन होत.

किरमिजी फितीचा हा कांस्य क्रॉस मराठी माणसाला परका नाही. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराचे सुपुत्र, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना तो इटलीतील १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला. तेही मशिनगनवर एकटेच धावून गेले होते, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्यामुळे शेवटी बंदूक नळीकडून धरून लढले होते. आपल्या सैन्यातील नाईक हा हुद्दा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील कॉर्पोरलच्याच बरोबरीचा. दोघेही आपापल्या लहानशा तुकडीचे प्रमुख होते.

कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात लांबलचक ओवऱ्या आहेत. त्यांच्या भिंतींवर एक लाखाहून अधिक नावे कांस्याच्या पाट्यांवर कोरलेली आहेत, आणि पाट्यांच्या फटींत लोकांनी खोचलेली लाल पॉपीची फुले दिसतात. तेथे कोणाच्याही नावापुढे हुद्दा लिहीत नाहीत, पदकही लिहीत नाहीत. वर्स्ली यांचे नाव तेथे आहे. बेअर्ड यांचेही आहे, केवळ आडनाव आणि आद्याक्षरे.