लाकडं फोडायचं मशीन, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर

नमस्कार मंडळी. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटून झाल्या की आपल्याकडे सरपणाचं काम निघते. पऱ्हाटी चुलीत भुर्रकन जळून जाते, लग्नाच्या स्वयंपाकाला ओंडकाच पाहिजे, अन् वाळलेली बाभूळ काही कुऱ्हाडीला दाद देत नाही.

मग कोणीतरी म्हणते, ट्रॉलीचा जुना जॅक पडला आहे, तोच लावू. थांबा जरा भाऊ. तो जॅक एकाच बाजूनं ढकलतो, खाली येतो ते ट्रॉलीच्या वजनानं. आपल्या मशीनमध्ये सिलिंडर आडवा असतो, तेलाच्या दाबानं ओंडक्यात पाचर घुसवतो अन् मग मागे ओढतो. तो जॅक आडवा लावला तर पाचर लाकडात घुसेल अन् तिथंच बसेल. आपल्याला डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर पाहिजे, म्हणजे ढकलणारा अन् ओढणाराही, दोन पाईपवाला. जुन्या जेसीबीचा भंगारात मिळतो, पण घेताना रॉड पूर्ण बाहेर काढून नख फिरवून पाहा, ओरखडा लागला तर कितीही सील बदला, तेल गळणारच.

किती टनाचं करू, हे सगळेच विचारतात. सिलिंडर आतून 100 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ 78.5 चौरस सेंटिमीटर, तेलाचा दाब 150 बार (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो), झाले जवळजवळ 12 टन. घरच्या कामाला पुष्कळ झाले. पण वेग येतो तो तेलावर, मिनिटाला 20 लिटर मिळालं तर दीड फुटाच्या स्ट्रोकला, म्हणजे रॉड एकदा पूर्ण बाहेर यायला, दहा-अकरा सेकंद लागतात, अन् टनाच्या हौसेपायी मोठा सिलिंडर लावला की मशीन गोगलगाय होते.

एवढ्या तेलाचा पंप फिरवायला मोटर घ्याल तर साडेसात हॉर्सपॉवरची, थ्री फेज, अन् थ्री फेज आपल्याकडे येते कधी, तर रात्री! त्यापेक्षा ट्रॅक्टर दारात उभाच आहे, पंप आहे, तेल आहे, दाब जास्त झाला की तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आहे. मधात दोन्हीकडे चालणारा लिव्हरवाला व्हॉल्व्ह टाका अन् परतीचा पाईप हायड्रॉलिक तेलाच्या टाकीत सोडा.

फ्रेमला मात्र कंजूषी नको. लाकडावर 12 टन तर मागच्या प्लेटवरही उलटे 12 टनच, साधा चॅनल पीळ खातो. चांगला जाड आय बीम घ्या. वेल्डिंग करताना रॉडला ओलं पोतं गुंडाळा, अन् अर्थिंगचा चिमटा सिलिंडरला लावू नका.

अन् हे नीट ऐका, पाईप गळतो का ते हातानं चाचपायचं नाही. 150 बारची बारीक धार डोळ्याला दिसत नाही, कातडीतून तेल आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसते, म्हणून माणूस घरी बसतो, अन् इकडे बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून पाहा. टोचलंच तर तडक मोठा दवाखाना गाठा, दुखो की न दुखो.

लिव्हर धरणारा अन् ओंडका ठेवणारा माणूस एकच असावा. गाठीचं लाकूड आलं तर मधोमध पाचर लावू नका, कडेकडेनं ढलप्या काढत या. तरी अडलं तर लिव्हर दाबून धरू नका, तेल उगाच तापते, ओंडका काढा अन् उलटा करून लावा.