‘सिंधु भैरवी’ : गाण्यांनी लढवलेला वाद

श्रोतेहो, नमस्कार.

१९८५ च्या दिवाळीत तमिळनाडूत प्रदर्शित झालेल्या ‘सिंधु भैरवी’ या चित्रपटाच्या गाण्यांविषयी आज बोलायचे आहे. दिग्दर्शक के. बालचंदर, संगीतकार इळयराजा, बहुतेक गीते वैरमुत्तु यांची आणि मुख्य आवाज दोनच, के. जे. येसुदास आणि के. एस. चित्रा. येसुदास आपल्याकडच्या श्रोत्यांना ‘चितचोर’पासून परिचित आहेत आणि चित्राचा आवाज ‘बॉम्बे’च्या हिंदी गाण्यांमुळे घराघरांत पोहोचला, परंतु या दोघांच्या गळ्याची खरी ताकद ऐकायची असेल तर मी ‘सिंधु भैरवी’कडेच बोट दाखवीन. त्या वर्षीचे तीन राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाले: अभिनयासाठी सिंधुची भूमिका करणारी सुहासिनी, संगीत दिग्दर्शनासाठी इळयराजा आणि पार्श्वगायनासाठी चित्रा. चित्रा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होती.

कथा थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय गाण्यांची जागा कळणार नाही. जे. के. बालगणपती, म्हणजे सर्वांचा जेकेबी, हा कर्नाटक संगीतातला नामवंत गवई. शिवकुमार यांनी ही भूमिका केली आहे. पत्नी भैरवीचे त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे, पण गाण्यातले तिला काही कळत नाही, आणि आपल्या घरात आपल्या कलेला दाद देणारे कोणी नाही ही सल त्याला सतत डाचत असते. अशा वेळी सिंधु नावाची संगीतशिक्षिका त्याच्या आयुष्यात येते, आणि येते ती भर मैफलीत त्याला प्रश्न विचारत. समोर बसलेल्या तमिळ माणसांना तुम्ही तेलुगू रचना का ऐकवता, त्यांना कळेल अशा भाषेत का गात नाही, असा तिचा सवाल आहे. मग तुम्हीच व्यासपीठावर येऊन गाऊन दाखवा, असे आव्हान तिला मिळते आणि ती ते स्वीकारते.

हा वाद बालचंदर यांनी पटकथेसाठी कल्पनेतून काढलेला नाही. कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती, म्हणजे त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघांचाही जन्म तमिळ मुलखातल्या तिरुवारूरचा. पण त्यागराजांनी मुख्यतः तेलुगूत रचना केल्या, दीक्षितरांनी संस्कृतात आणि श्यामा शास्त्रींनीही बव्हंशी तेलुगूत. त्यांच्या काळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्याचे मराठी राजे होते आणि त्या दरबारात तेलुगू, संस्कृत, तमिळ व मराठी या चारही भाषांची ये-जा होती, त्यामुळे तेव्हा यात कोणाला वावगे वाटले नसावे. पुढे विसाव्या शतकात मैफलीत तमिळ गाणी अखेरच्या किरकोळ भागापुरती उरली, तेव्हा मात्र असंतोष वाढला, आणि १९४० च्या दशकात राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ इसै, म्हणजे तमिळ संगीत, चळवळ उभी राहिली. १९४३ साली मद्रासमध्ये तमिळ इसै संगम स्थापन झाला. म्हणजे सिंधुने सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला चार दशकांचे वय होते, आणि तो ऐकणाऱ्या तमिळ प्रेक्षकाला कोणत्या दुखऱ्या जागेवर बोट पडले आहे हे लगेच समजत होते. आपल्याकडे ब्रजभाषेतल्या बंदिशी ऐकताना मराठी रसिकाने असा तंटा क्वचितच केला, कदाचित नाट्यपदांनी राग आधीच मराठीत आणून ठेवले होते म्हणून.

आता त्या गाण्याकडे येऊ. ‘पाडरियेन पडिप्परियेन’ हे त्याचे शब्द, आणि त्यांचा आशय असा की मला गाणे येत नाही, वाचणे येत नाही, शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही. पुढे ती म्हणते की मी व्याकरण शिकले नाही, पण डोक्यात हवाही गेलेली नाही. कुठला तरी राग, कुठला तरी ताल, आणि न कळताच माना डोलावणारी गर्दी. सुखवस्तू लोकांची मनं रिझवलीत, आता झोपडवस्तीतही पोहोचेल असे काही गा. ओळखीच्या भाषेत गाणे हे काही पाप नव्हे. चाल लोकगीताची, थेट शेतातून उचलून आणल्यासारखी. इळयराजा मदुराईकडच्या पन्नैपुरम या खेड्यात वाढले आणि थोरल्या भावाच्या गाणाऱ्या मंडळीबरोबर गावोगाव हिंडले, त्यामुळे लोकगीताचा हा बाज त्यांना कोणाकडून शिकावा लागला नव्हता.

मात्र कान देऊन ऐकले तर लक्षात येते की ही रांगडी चाल पहिल्या ओळीपासून एका रागाच्या चौकटीत नीट बसवलेली आहे. तो राग सारमती. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याचे स्वर आसावरी थाटाचे, म्हणजे गंधार, धैवत आणि निषाद कोमल. आरोहात सातही स्वर लागतात, पण उतरताना पंचम आणि ऋषभ गाळले जातात. या उतरत्या वाटेमुळेच सारमतीला एक व्याकूळ वळण मिळते. त्यागराजांची ‘मोक्षमु गलदा’ ही कृती, म्हणजे कर्नाटक मैफलीतली बांधीव रचना, याच रागातली. चित्रा खेडवळ बाजात कडवी गात राहते, शब्दांवर ठसका देते, श्रोता लोकगीत ऐकतो आहे अशा समजुतीत असतो, आणि अखेरीस तेच स्वर न बदलता, त्याच षड्जावर, ती अलगद ‘मरि मरि निन्ने’ या त्यागराजांच्या कृतीत शिरते आणि तिथून सरगमच्या लडी सुरू होतात. सांधा कुठे आला हे पहिल्या खेपेस कळतच नाही. गावातले गाणे आणि सभेतले गाणे यांचे स्वर एकच आहेत, हे संवादातून सांगायचे झाले असते तर दोन पाने भाषण लागले असते.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती धाडसाचीही आहे. ‘मरि मरि निन्ने’ ही कृती मुळात कांभोजी रागातली. कांभोजीचे स्वर आपल्या खमाज थाटाचे, शुद्ध गंधार आणि शुद्ध धैवताचे, म्हणजे सारमतीहून अगदी वेगळ्या प्रकृतीचे. त्यागराजांच्या कृतीचा राग चित्रपटासाठी बदलणे हे कर्मठ मंडळींना रुचणारे नव्हतेच, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे; कोणी तुकोबांच्या अभंगाची आपल्या कानांत रुजलेली चाल बदलली तर आपलेही कपाळ आठ्यांनी भरते. तरीही कृतीचा अर्थ पाहिला तर इळयराजांच्या बाजूने थोडे बोलावेसे वाटते. पुन्हा पुन्हा तुझी विनवणी करतो आहे, तरी तुझ्या मनात दया येत नाही, असे तिथे त्यागराज रामाला म्हणतात. ही आर्जवी तक्रार सारमतीच्या कोमल स्वरांत विजोड वाटत नाही, उलट आधीच्या कडव्यांतल्या अडाणी बाईची विनवणीच पुढे चालू राहिल्यासारखी वाटते.

पण मला या गाण्यात सर्वांत अधिक मोहवते ती एक विसंगती. तमिळमध्ये गा, असा हट्ट धरणारे हे गाणे आपल्या शिखरावर पोहोचते तेव्हा तेलुगूत असते. शिवाय ते गाणारी चित्रा तिरुवनंतपुरमची, मल्याळी. जेकेबीचा आवाज झालेले येसुदासही मल्याळी, कोच्चीकडचे. वादात सिंधु जिंकते, टाळ्याही तिलाच मिळतात, पण संगीतकार मात्र तिला पूर्ण विजय देत नाही. भाषा कळली पाहिजे, हे शब्द सांगतात, आणि सूर त्याच्या उलट साक्ष देतात. माझ्यासारख्या, तमिळचे चार शब्दही धड न येणाऱ्या मराठी माणसाला हे गाणे पहिल्यांदा ऐकतानाच हलवून गेले, तेव्हा मीही नकळत जेकेबीच्या बाजूचा साक्षीदार ठरलो होतो.

दुसरे गाणे ‘कलैवाणिये’. सिंधु दुरावल्यानंतर जेकेबी सरस्वतीला हाक मारतो, आणि ती हाक कोणासाठी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. राग कल्याणी, म्हणजे स्वर आपल्या यमनचेच. या गाण्यात इळयराजांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले : केवळ आरोह, अवरोह नाही. प्रत्येक स्वरावली खालून वर जाते आणि वरच तुटते. उतरायला जिना नाही, म्हणून पुढची ओळ पुन्हा तळापासून चढू लागते. कागदावर हा बुद्धीचा खेळ वाटेल, आणि अशा कसरतींनी गाणे कोरडे पडण्याचा धोका असतोच. इथे तसे होत नाही, कारण बंधन प्रसंगातून आलेले आहे. रागाला विसावा मिळतो तो उतरताना, षड्जावर परत येताना. तो विसावाच काढून घेतला की उरते ती नुसती हाक. येसुदास यांनी कर्नाटक गायक चेंबै वैद्यनाथ भागवतरांकडे तालीम घेतलेली, ते स्वतः मैफली गवई, म्हणून प्रत्येक चढणीवर श्वास कुठे घ्यायचा आणि स्वर किती ताणायचा याचा तोल त्यांनी विलक्षण सांभाळला आहे. ज्यांना यमन कानाने ओळखता येतो त्यांनी हे गाणे ऐकताना मनातल्या मनात उतरती सरगम म्हणून पाहावी. गाण्यात काय नाही ते लगेच जाणवेल.

येसुदास यांच्या इतर गाण्यांबद्दल थोडक्यातच बोलतो. ‘महागणपतिम्’ ही दीक्षितरांची नाट्टै रागातली संस्कृत कृती ते रोखठोक मैफलीच्या थाटात गातात. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींचे ‘मनदिल उरुदि वेण्डुम’ आहे, सुरेख आहे. दारूच्या आहारी गेलेल्या गवयाची दोन गाणी आहेत. त्यांतले कानडा रागातले ‘पूमालै वांगि वंदान’ मला फार जवळचे, कारण झिंगलेल्या माणसाचे गाणे असूनही एकही स्वर झिंगलेला नाही. ‘तण्णि तोट्टि’ मात्र मुद्दाम सवंग केलेले आहे. पेल्यासाठी रस्त्यावर नाचगाणे करण्याची पाळी आलेल्या जेकेबीचे ते गाणे आहे आणि प्रसंगाला ते चोख बसते, पण प्रसंगाबाहेर काढून मी ते फारसे ऐकत नाही.

राहिले ‘नान ओरु सिंधु’. चित्राचेच, आणि राग सिंधुभैरवी. मराठी श्रोत्याने इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दक्षिणेकडचा भैरवी हा राग आपल्या भैरवीहून निराळा, त्याचा ऋषभ शुद्ध असतो. आपल्या भैरवीच्या जवळचा तो सिंधुभैरवी, आणि तिकडेही तो मैफलीच्या शेवटी, हलक्याफुलक्या रचनांसाठी गातात. त्यामुळे हे गाणे आपल्या कानाला परके वाटतच नाही. बरीच वर्षे मी ते एक गोड, किंचित उदास भैरवी म्हणून ऐकत आलो. नंतर एका तमिळभाषक स्नेह्याने शब्द समजावून दिले : राग उमगत नाही, आतला शोक कोणाला दिसत नाही, बाप आहे, आई आहे, पण आपले म्हणावे असे नाते एकही नाही. लग्नाच्या नात्याबाहेर जन्मलेली, आई-बापांनी नाव न दिलेली सिंधु आपली ओळख करून देते आहे, हे कळल्यावर त्याच चालीतली ती किंचित उदासी किंचित राहिली नाही. चित्रा ‘तंदै इरुंदुम’, म्हणजे ‘बाप असूनही’, या शब्दांशी आवाज जरा आत ओढून घेते, तो बारकावा तोवर माझ्या कानावरून नुसता जात होता. सिंधुने जेकेबीला भर सभेत जे सुनावले, ते या एका गाण्यापुरते तरी मला मान्य करावे लागते.

‘पाडरियेन’ आणि ‘नान ओरु सिंधु’ ही दोन्ही गाणी या भाषणानंतर लागोपाठ ऐकवली जाणार आहेत. पहिल्याच्या अखेरीस तो सांधा कुठे येतो, ते पाहा. नमस्कार.