जेलवर एक ठिपका जास्त दिसला तर

[दृश्य: चांदीने रंगवलेला जेल, तपकिरी ठिपक्यांनी भरलेला. कॅमेरा मधोमध जातो.]

हा मानवी त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणारे धागे बनवणाऱ्या) पेशींतल्या प्रथिनांचा द्विमितीय जेल. प्रथिनं आधी एका पट्टीवर विजेने आम्लधर्मानुसार आडवी वेगळी होतात, याला फोकसिंग म्हणतात, मग जेलमध्ये वजनानुसार उभी. प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रथिन. 42 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) उंचीवर दोन ठसठशीत ठिपके जवळजवळ चिकटून बसलेत. आम्लाच्या बाजूचा बीटा ॲक्टिन, शेजारचा गॅमा. पेशीचा सांगाडा ज्या धाग्यांनी उभा राहतो, त्यातले हे दोन. दोघांचीही साखळी 374 अमिनो आम्लांची, आणि फरक फक्त चार ठिकाणी: पहिली तीन आणि नववी जागा.

बेळगावचा माणूस पुण्यात जाऊन "येतो की" म्हणाला, की त्याचं गाव लगेच कळतं. ॲक्टिनचंही तसंच, ओळख सुरुवातीलाच आहे. बीटाच्या तोंडाशी तीन ॲस्पार्टिक आम्लं, गॅमाच्या तोंडाशी तीन ग्लुटामिक. नवव्या जागी बीटात व्हॅलिन, गॅमात आयसोल्युसिन. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक, दोन्हींवर ऋणभार एकेकच. पण ॲस्पार्टिक किंचित जास्त आम्लधर्मी, आणि तेवढ्याशा फरकावर हे ठिपके वेगळे पडतात.

आता तिसरा ठिपका दिसला तर? असं खरंच घडलंय. 1980 साली हट-14 या कर्करोगी बनवलेल्या मानवी पेशींत बीटाच्या आम्लाकडच्या बाजूला एक जादा ठिपका मिळाला. तपासल्यावर कळलं, ग्लायसिनच्या जागी ॲस्पार्टिक बसलंय. एक ऋणभार वाढला, ठिपका सरकला. पण प्रत्येक सरकलेला ठिपका म्हणजे नवा प्रकार नव्हे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

[दृश्य: काचेच्या बाटलीत युरिया. बाजूला तापमापक.]

नमुना विरघळवायला 7 मोलर युरिया, 2 मोलर थायोयुरिया, 4 टक्के चॅप्स (साबणासारखं द्रव्य) आणि डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) लागतं. युरिया पाण्यात पडून राहिला की त्यातून सायनेट तयार होतं, आणि ऊन वाढलं की भराभर. हे सायनेट लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं, त्याचा धनभार जातो, आणि ठिपका आम्लाकडे सरकतो. एकाच प्रथिनाची ठिपक्यांची माळ तयार होते, अगदी उपप्रकारांसारखी दिसणारी. म्हणून द्रावण त्याच दिवशी करा, नमुना 30 अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि उकळू तर अजिबात नका. अथणी-चिकोडीकडच्या एप्रिल-मे महिन्यात नुसत्या खोलीचं तापमानच ही मर्यादा ओलांडतं. उलट डिसेंबरात बेळगावच्या थंड रात्री युरियाचे खडे धरतात. फोकसिंगच्या यंत्राचा पाट 20 अंशांवरच ठेवा आणि पट्टीवर खनिज तेल घाला.

मिठाची काळजी तितकीच. पेशी पीबीएसने (खारट बफर द्रावण) धुतल्यावर शेवटचा हात ट्रिस-सुक्रोजचा (मिठाऐवजी साखरेचं द्रावण) द्या, नाहीतर आडव्या रेघा पडतात. 18 सेंटिमीटरची, पीएच 4 ते 7 ची पट्टी 340 मायक्रोलिटर द्रावणात रात्रभर भिजवायची. फोकसिंगही तासन्‌तास चालतं. पावसात वीज गेली, तर यंत्रावरचे व्होल्ट-तास टिपून ठेवा. वीज आल्यावर उरलेले पुरे करता येतात, प्रथिनं परत आपल्या जागी येतात.

[दृश्य: टोकदार चिमटा, जेलमधून कापलेला ठिपका.]

ठिपका कापला, ट्रिप्सिनने (प्रथिनं ठरावीक जागी तोडणारं एन्झाइम) तोडला, वस्तुमान मोजलं. बीटा आणि गॅमा ओळखायला उपयोगी तो सुरुवातीचाच, 17 अमिनो आम्लांचा तुकडा. चारही बदलांत एकेक सीएच-टू वाढतो, म्हणून गॅमाचा तुकडा 56.06 डाल्टनने जड. पण या तुकड्यात सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्लही आहे, आणि ते पुन्हा बंध जोडू नये म्हणून आयोडोॲसिटामाइड हे रसायन लावतात. ते सिस्टीनला लागलं की वजन 57.02 ने वाढतं. म्हणजे आयोडोॲसिटामाइड लागलेला बीटा आणि न लागलेला गॅमा यांच्यात फरक उरतो जेमतेम एका डाल्टनचा, आणि कमी अचूकतेच्या यंत्रावर दोन्ही एकच वाटू शकतात. म्हणून आयोडोॲसिटामाइडची पायरी पूर्ण 15 मिनिटं, ताज्या पुडीतून आणि अंधारात. आणि नुसत्या वजनावर विसंबू नका, तुकडा फोडून त्यातला क्रम वाचा.

केराटिन शोधत असाल तर आणखी एक अडचण. केराटिनही सांगाड्याचंच प्रथिन, आणि ते तुमच्या केसांत, कातडीत आणि लोकरीच्या स्वेटरमध्येही आहे. हातमोजे, टोपी, सुती ॲप्रन, आणि नमुन्याशिवाय चालवलेला एक कोरा जेल. कोऱ्यावर जे दिसेल ते तुमचंच.

[दृश्य: पीसीआर नळ्या बर्फावर.]

शेवटी जनुक, कारण प्रथिनाच्या क्रमातला बदल तिथेही तपासायचा असतो. बीटा ॲक्टिनच्या एसीटीबी जनुकाच्या इंट्रॉन (जनुकातला प्रथिनाची माहिती नसलेला मधला भाग) नसलेल्या निकामी प्रती मानवी जीनोममध्ये बऱ्याच आहेत. जीनोमिक डीएनएवर एक्झॉनमधले (माहितीच्या भागातले) प्रायमर, म्हणजे पीसीआरची नक्कल जिथून सुरू होते ते छोटे डीएनए तुकडे, लावले, तर त्या प्रतीच वाढतात आणि त्यांतले बदल तुमच्या रुग्णाचे वाटतात. प्रायमर इंट्रॉनमध्ये बसवा. आणि आरएनएवरून काम करत असाल, तर आधी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम), मग एक नळी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजशिवाय (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमशिवाय). त्या नळीतही पट्टा उमटला, तर नमुन्यात डीएनए राहिलेला आहे. पुन्हा डीएनेज करा.