पोंग्यातच ठरतो पानाचा रंग

भाताची ही रोपं एकाच बियाण्याची आहेत. ३० अंश सेल्सिअसला वाढलेली हिरवीगार, तर २० अंशांना वाढलेली फिकट पिवळी. नेहमीचा भात २० अंशांतही हिरवाच राहतो. या बियाण्यात बिघाड आहे तो एका जनुकात, ‘व्हिरेसन्ट-१’ मध्ये.

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो. भाताच्या हरितलवकाचा डीएनए १९८९ मध्ये जपानमध्ये पूर्ण वाचला गेला. १,३४,५२५ अक्षरं, आणि त्यात जनुकं शंभराच्या आसपास. पण हरितलवकाला प्रथिनं लागतात हजारो! त्यातल्या बहुतेकांची जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात. प्रथिनं बाहेर घडतात आणि मग आत पोहोचवली जातात.

व्हिरेसन्ट-१ हे असंच केंद्रकातलं जनुक. त्याचं प्रथिन हरितलवकात शिरून तिथल्या आरएनएला, म्हणजे डीएनएवरून उतरवलेल्या प्रतीला, धरतं. ते नसेल तर थंडीत रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचा, आरएनए नीट तयार होत नाही. रायबोसोम अपुरे, म्हणून हरितलवकाची स्वतःची प्रथिनं अपुरी, आणि प्रकाशसंश्लेषणाची सगळी जुळणीच रखडते.

हे घडतं कधी? पान अजून पोंग्यात, म्हणजे रोपाच्या मधल्या सुरळीत, गुंडाळलेलं असताना. हे जनुक सर्वांत जोमानं काम करतं ते याच टप्प्यात, आणि थंडी पडली की आणखी जोमानं. आपल्याला पान दिसतं तोवर त्याच्या रंगाचा निर्णय झालेला असतो. थंडी सोसणारा भात शोधणाऱ्यांनी म्हणूनच पोंग्यातल्या या दिवसांकडे सर्वांत आधी पाहायला हवं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

‘व्हिरेसन्ट-३’ आणि ‘स्ट्राइप-१’ ही जनुकं तर अधिकच विलक्षण. डीएनएचे घटक बनवणाऱ्या एकाच विकराचे (एन्झाइमचे) दोन भाग ती घडवतात. विकर कमी पडलं की घटकांची टंचाई होते. मग पेशी आधी केंद्रकाच्या डीएनएची प्रत पूर्ण करते आणि हरितलवकाच्या वाट्याला तूट येते. पेशींचं विभाजन चालू राहतं, पण पान फिकट किंवा पट्टेरी निघतं.

निरोप उलट दिशेनं, हरितलवकाकडून केंद्रकाकडेही जातात. थंडीत प्रखर ऊन पडलं की हरितलवकात ऑक्सिजनची घातक रूपं साठतात. ती मर्यादेत असतील तर केंद्रकाला इशारा मिळतो आणि बचावाची जनुकं जागी होतात. मर्यादा ओलांडली की पेशी मरते.

हरितद्रव्य अजिबात न बनवणारी पांढरी रोपंही सुरुवातीला वाढतात, दाण्यातल्या साठ्यावर. साधारण तिसऱ्या पानापर्यंत तो साठा संपतो आणि रोप मरतं.